तारेवरील बंद वाट अडली असतां काय पाहावें?

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे आईबाप घरीं बसून कचेरीचें काम करतात. २०२० सालच्या करोनाच्या साथींत ही रीत विशेष पसरली. अशा घरांतील व्हीपीएन राउटर एकाएकीं मुका झाला, म्हणजे दिवसाचें काम बुडतें. आणि घाईंत जो तो दिसेल ती कळ दाबूं लागतो. त्यानें दोष सांपडत नाहीं, उलट एकाचे दोन होतात. म्हणून ज्या घरीं अद्याप डीएसएलची तांब्याची तार आहे, तेथें दोष कोणत्या क्रमानें शोधावा, हें आम्ही थोडक्यांत सांगणार आहों.

टेलिफोनच्या तारेंत मनुष्याचा आवाज सुमारें ४ किलोहर्ट्झच्या खालीं चालतो. डीएसएल मोडेम त्याच तारेवरून त्याहून पुष्कळ वरच्या कंपनसंख्यांनीं मजकूर नेतो. व्हीपीएन राउटर तो मजकूर सांकेतिक करून, जणूं एक मोहोरबंद पाकीट दुसऱ्या पाकिटांत घालून, कचेरीकडे धाडतो. तार हा रस्ता, व्हीपीएन ही त्यावरील बंद गाडी. रस्ताच खचला असेल, तर गाडीस बोल लावणें व्यर्थ होय.

म्हणून पहिली परीक्षा रस्त्याची. मोडेमवरील डीएसएलचा दिवा स्थिर आहे काय? टेलिफोनांत खरखर येते काय? फिल्टर जागच्या जागीं आहे काय? नंतर व्हीपीएन घटकाभर बंद ठेवून, कचेरीचें कांहीं न पाठवितां, एखादें साधें पान उघडावें. तें न उघडल्यास व्हीपीएन निर्दोष समजून तार, मोडेम व खात्याचा संकेतशब्द तपासावा.

दुसरी परीक्षा दारवानांची. राउटरचा बाहेरचा पत्ता १९२.१६८ किंवा १० या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर बहुधा मोडेमहि राउटरचें काम करीत आहे. एका दारावर दोन दारवान झाले, कीं बंद पाकीट अडूं शकतें. मोडेम ‘ब्रिज’ स्थितींत ठेवून संकेतशब्द राउटरांत भरणें, हा उत्तम उपाय. तें शक्य नसल्यास, आयपीसेक पद्धतीच्या व्हीपीएनसाठीं यूडीपीचीं ५०० व ४५०० क्रमांकांचीं दारें मोडेमनें राउटरकडे वळवावीं.

तिसरी परीक्षा पत्त्यांची. घरीं व कचेरींत दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच पत्त्यांची ओळ असेल, तर कचेरीच्या यंत्रासाठीं निघालेलें पाकीट राउटर घरांतच शोधीत बसतो. अशा वेळीं घरची ओळ बदलून १९२.१६८.३७ यासारखी करावी.

चौथी परीक्षा मापाची. लहान निरोप जातात, परंतु मोठा कागद पाठवितांच सारें थबकतें, अशी तक्रार पुष्कळदां ऐकूं येते. साधारण पाकिटाची मर्यादा १५०० बाइट. डीएसएलवर नेहमीं आढळणारी पीपीपीओई पद्धति त्यांतील ८ घेते, म्हणून १४९२ उरतात. व्हीपीएनचें वेष्टन आणखी कांहीं खातें. यास्तव व्हीपीएनचें माप १४०० करून पाहावें, व गरज पडल्यास आणखी उतरवावें.

शेवटीं राउटरचें घड्याळ पाहावें. त्यांतील तारीख चुकली असेल, तर प्रमाणपत्र मुदतींत नाहीं असें समजून तो जोडणीच नाकारूं शकतो.

विद्यार्थीमित्रहो, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, जुना आंकडा कागदावर टिपून ठेवावा, आणि वडीलधाऱ्यांच्या अनुमतीवांचून यंत्रास हात लावूं नये. व्हीपीएन चालत नाहीं म्हणून कचेरीचे कागद उघड्या वाटेनें धाडण्याचा मोह कोणासहि होईल. पण त्या पाकिटांत दुसऱ्यांचीं गुपितें असतात. काम एक दिवस थांबलें तर भरून काढतां येतें, पण फुटलेलें गुपित परत बंद करतां येत नाहीं.