अस्वलाच्या मुलखात मुक्काम करताना

ओढ्याकाठी तंबूत झोपलेल्या माणसाला गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा परिसरात कधी मध्यरात्री एक चमत्कारिक आवाज ऐकू येतो. कुणी जाड नळीतून जोराने फुंकावे आणि लगेच हवा आत ओढावी, तसा. नवख्याला वाटते, जवळपास कुणाचे तरी इंजिन बिघडले आहे. गावातला माणूस मात्र ओळखतो की अस्वल वारूळ फोडून वाळवी खाते आहे. आधी ते फुंकर मारून माती उडवते, मग वाळवी ओढून घेते. त्यासाठी त्याच्या वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दातच नाहीत. त्या फटीचा उपयोग नळीसारखा होतो आणि माती आत जाऊ नये म्हणून त्याला नाकपुड्या मिटून घेता येतात. शांत रात्री हा आवाज शंभर मीटरच्याही पुढे जातो.

सालेकसा तालुक्यातले दरेकसा हे गोंदिया–डोंगरगड रेल्वेमार्गावरचे स्टेशन. जवळच हाजरा फॉल हा धबधबा आहे, थोड्या अंतरावर कचारगडच्या गुहा आहेत आणि पलीकडे छत्तीसगडचे जंगल सुरू होते. पावसाळ्यात धबधब्यावर गोंदिया, नागपूर, राजनांदगावकडच्या कुटुंबांची गर्दी असते. माघ पौर्णिमेच्या सुमारास पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या दर्शनासाठी कचारगडला देशभरातून गोंड बांधव येतात. पायथ्याच्या धनेगावात तेव्हा माणसांचा पूर लोटतो. बाकीचे दिवस हा मुलूख अस्वल, बिबट्या आणि मोहफुले वेचणाऱ्यांचा असतो.

अस्वल म्हटले की शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे इंग्रजी चित्रपटातले अस्वल येते. अमेरिकेत योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानांत मुक्कामाच्या जागी खाण्याचे पदार्थ ठेवायला लोखंडी पेट्या असतात, कारण तिथले काळे अस्वल वासावर येऊन डबे पळवते. आपल्याकडचे अस्वल वेगळ्या जातीचे आहे. वाळवी, मुंग्या, मध, मोहफुले, टेंभुर्णीची फळे, बोरे हे त्याचे जेवण. माणूस हे त्याचे भक्ष्य नाही. तरीही भारतात माणसाला सर्वाधिक जखमी करणाऱ्या वन्यप्राण्यांत त्याची गणना होते. 1989 ते 1994 या काळात त्यावेळच्या मध्य प्रदेशात, म्हणजे आजचे छत्तीसगड धरून, अस्वलांच्या हल्ल्यांत 48 माणसे दगावली आणि साडेसहाशेहून अधिक जखमी झाली. उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल 1998 ते डिसेंबर 2000 या काळात 137 हल्ले नोंदले गेले, त्यांत 11 मृत्यू झाले.

भक्ष्य नाही, मग हल्ला का? उत्तर त्याच्या जेवणाच्या पद्धतीत आहे. नाक वारुळात, डोके खाली, आणि स्वतःच्याच फुंकरीचा आवाज कानांत. नजर तशीही अधू. माणूस दहा-पंधरा पावलांवर येईपर्यंत त्याला पत्ताच लागत नाही. ओढ्याकाठी तर पाण्याच्या खळखळाटात दोघांनाही एकमेकांची चाहूल लागत नाही. वाघ आणि बिबट्याच्या शेजारात वाढलेल्या या प्राण्याची सवय अशी की दचकले की पळण्याऐवजी ते अंगावर येते. मादी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास खडकांच्या कपारीत विते आणि पुढे कित्येक महिने पिले पाठीवर घेऊन हिंडते. अशी मादी समोर आली तर ती मागे हटेल याचा भरवसा धरू नये. कचारगडची यात्रा नेमकी याच दिवसांत येते. अस्वल गर्दीकडे फिरकत नाही, धोका असतो तो वाट सोडून कपारी धुंडाळायला जाणाऱ्या उत्साही मंडळींना.

पावसाळ्यात आणखी एक भर पडते. वारुळांवर ‘सात्या’ उगवतात. या अळिंबीची चव ज्याने घेतली त्याला तिचे वेड लागते. त्या वेचायला माणूस वारुळाकडे जातो आणि वाळवीसाठी अस्वलही तिथेच येते.

मुक्कामाला गेलेल्यांसाठी सर्वांत वाईट वेळ पहाटेची. अंधारात उठून, झोपेतल्या डोळ्यांनी, टॉर्च न घेता झुडपाआड जायचे आणि तिथे बसायचे, हे जंगलात करू नये. दोघांनी मिळून जावे, उजेड घ्यावा, बोलत जावे. वन्यप्राणी बघायला आलेल्याने गप्प राहावे असे सगळीकडे सांगतात. जीपमधून फिरताना ते बरोबर आहे. पायी चालताना मात्र अस्वलाला आपण आधीच ऐकू आलो पाहिजे. गुजरातमध्ये अस्वलांवर काम करणाऱ्या संशोधकांनी यासाठी काठीला घंटी बांधून ‘घंटी काठी’ केली. गुराख्यांना ही युक्ती नवी वाटायची नाही. उरलेले अन्न तंबूबाहेर टाकू नये, आणि अस्वलाला खाऊ घालायचा मोह तर अजिबात नको. छत्तीसगडमध्ये बागबाहराजवळच्या चंडी मंदिरात अस्वले प्रसाद खायला येतात, त्याचे व्हिडिओ लोक कौतुकाने पाहतात. डॉक्टरच्या नजरेला त्यात माणसाची भीड चेपलेला, चार इंच नखांचा प्राणी दिसतो.

अस्वल लांबवर दिसले तर पाठ न फिरवता हळूहळू मागे सरावे. पळू नये, ते माणसापेक्षा वेगाने धावते. झाडावर चढू नये, तेही चढते. अंगावर आलेच तर पालथे पडून चेहरा जमिनीकडे करावा, दोन्ही हात मानेमागे गुंफावेत आणि ते निघून जाईपर्यंत हलू नये. हल्ला बहुधा काही क्षणांचाच असतो, पण त्या क्षणांत अस्वल डोके आणि चेहरा धरते. डोक्याची कातडी सोलून निघणे, नाक तुटणे, जबडा मोडणे, डोळा जाणे या जखमांनी माणूस जगला तरी आरशापुढे उभा राहत नाही.

पहिल्या तासात सोबत्यांनी काय केले यावर पुढचे बरेच ठरते. चेहऱ्याला मार असेल तर रुग्णाला उताणे झोपवू नये, रक्त घशात उतरून श्वास कोंडतो. बसता येत असेल तर पुढे झुकवून बसवावे, नाहीतर कुशीवर वळवावे. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरावे, मात्र डोळ्यावर दाब देऊ नये. लोंबणारी कातडी ओढून काढू नये, अलगद जागी ठेवून झाकावी. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. हळद, चुना, मिरची, कॉफीची पूड यांपैकी काहीही लावू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, वनविभागाला 1926 वर कळवावे.

रक्तस्राव आटोक्यात आला की जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हे नेमके राहून जाते. फाटलेला चेहरा पाहून नातेवाइकांना एकच घाई असते: टाके. आणि रेबीज हा कुत्र्याचा आजार, अशी समजूत शिकलेल्या माणसांतही पक्की आहे. प्रत्यक्षात वन्यप्राण्याचा चावा किंवा ओरखडा आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचा धरला जातो. चेहरा मेंदूच्या जवळ असल्याने विषाणूचा प्रवासही छोटा. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही. म्हणून आधी धुणे, मग जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन, सोबत लसीचा पहिला डोस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन, आणि त्यानंतर टाके, असा क्रम असतो. टाके लांबवले म्हणून डॉक्टरांशी भांडणारे नातेवाईक सरकारी रुग्णालयाला नवीन नाहीत. इम्युनोग्लोब्युलिन न देता घाईने शिवलेल्या जखमेत विषाणू आत कोंडला जाऊ शकतो, हे त्यांना त्या घाईत समजावणे अवघड जाते.

सालेकसा येथील ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक उपचार झाल्यावर मोठ्या जखमेसाठी गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूर गाठावे लागते. चेहऱ्याच्या हाडांचे, डोळ्याचे आणि प्लास्टिक सर्जरीचे तज्ज्ञ तिथे मिळतात. अस्वलाच्या हल्ल्यासाठी राज्य शासनाची आर्थिक मदत आहे, त्यासाठी वनविभागाचा पंचनामा आणि वैद्यकीय कागद दोन्ही लागतात.

किरकोळ ओरखडा घेऊन परतणारा पर्यटक या सगळ्यात सर्वांत बेफिकीर असतो. पहिली लस इथे घेतो, दोन दिवसांनी घरी जातो आणि जखम सुकली म्हणून पुढचे डोस विसरतो. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवसानंतर 3, 7 आणि 28व्या दिवशी घ्यावी लागते. राहिलेले डोस नागपूर, पुणे, मुंबई कुठल्याही सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. पहिल्या डोसाच्या वेळी दिलेले कार्ड तेवढे सोबत न्यावे.