हात धुतले का, हे मोजायचं कसं?

लोंढ्यात बाळंतपण अडलं की गाडी खानापूरकडे धावते, तिथं जमलं नाही तर बेळगावला. प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर नातेवाईक ताटकळतात. आत सिस्टरनं, डॉक्टरांनी हात धुतले का, हे त्यांना दिसत नाही; विचारायचा धीर तर त्याहून होत नाही. म्हणूनच दवाखान्यानं ते स्वतः मोजायला हवं.

मोजण्याची रीत जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवून दिली आहे. निरीक्षक वॉर्डात वीसेक मिनिटं थांबतो, एका वेळी फार तर तिघांवर लक्ष ठेवतो. रुग्णाला हात लावण्याआधी, लावून झाल्यावर, सुई-कॅथेटरच्या कामाआधी, रक्ताशी संबंध आल्यावर, खाटेभोवतीच्या वस्तू हाताळल्यावर, अशा प्रत्येक प्रसंगी हात स्वच्छ झाले की नाही, याची नोंद होते. हातमोजे घातले म्हणून सूट मिळत नाही.

पण कुणी बघतंय म्हटल्यावर हात जास्त धुतले जातात. टोरांटोच्या एका रुग्णालयात यंत्रानं मोजल्यावर दिसलं, की निरीक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात सॅनिटायझरचा वापर जवळपास तिप्पट होता. तेव्हा कागदावरच्या नव्वद टक्क्यांवर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

२०१० साली कर्नाटकातल्या एका उपजिल्हा स्तरावरच्या प्रसूतिकेंद्रात बाळंतपणाची तपासणी-यादी वापरून पाहिली गेली. संशोधकांत बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे डॉक्टरही होते. हात धुण्यासह २९ आवश्यक गोष्टींपैकी आधी सरासरी १० होत होत्या, नंतर २५ होऊ लागल्या. माणसं तीच, दवाखाना तोच! पुढं उत्तर प्रदेशात १२० केंद्रांवर मोठा प्रयोग झाला. यादी मिळालेल्या केंद्रांत दोन महिन्यांनी ७३ टक्के गोष्टी पाळल्या जात होत्या; शिकवणारे मार्गदर्शक परतल्यावर, वर्षाच्या अखेरीस, त्या ६२ टक्क्यांवर आल्या. बाळ-बाळंतिणींचे मृत्यूही त्यानं घटले नाहीत, हेही सांगायलाच हवं.

म्हणजे मोजणं एकदाच उरकून चालत नाही, आणि त्यातून मेमो निघायला लागले तर नोंदीच खोट्या होतील. साबणानं नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, सॅनिटायझर चोळायला २० ते ३०. रात्रपाळीला एकटी सिस्टर प्रत्येक रुग्णामागे बेसिनपर्यंत जाणार कशी? तिच्यावर बोट ठेवण्याआधी बाटली खाटेपाशी आहे का, ते बघा. महिन्याला किती लिटर सॅनिटायझर संपलं आणि किती रुग्ण किती दिवस दाखल होते, हा हिशेबही भांडाराच्या वहीतून निघतो. त्याला निरीक्षक लागत नाही. दर हजार रुग्णदिवसांमागे किमान २० लिटर, हा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे.