बीव्हरशी पाण्याचा तह

1997 च्या डिसेंबरात अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या पर्यावरण खात्याने एका खासगी जमिनीबाबत नोटीस धाडली. ओढ्यावर विनापरवाना लाकडी बांध घातले आहेत, ते काढून प्रवाह मोकळा करावा, अशी तंबी तिच्यात होती. जमीनमालकाने उत्तर पाठवले की हे काम दोन बीव्हरांचे आहे. आपण त्यांना पैसे दिलेले नाहीत, परवानगीही दिलेली नाही आणि कामावर देखरेखही केलेली नाही. पत्र खवचट होते आणि देशभर गाजले. खात्याने प्रकरण गुंडाळले.

ज्याच्या विहिरीत, तळघरात किंवा शोषखड्ड्यात बीव्हरच्या बांधामागे साचलेल्या तळ्याचे पाणी शिरते, त्याला मात्र यात हसण्यासारखे काही वाटत नाही. बांध फोडावा तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा. असे का होते, हे कळायला आधी बीव्हरची गरज समजून घ्यावी लागते.

बीव्हर उंदीर-खारींच्या गणातला. भारतात तो नाही. आपल्या साळिंदराचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल, पण अंगाने थोराड. वीस-पंचवीस किलो सहज भरतो. जमिनीवर बेंगरूळ आणि संथ, म्हणजे लांडग्या-अस्वलाला आयते भक्ष्य. पाण्यात मात्र त्याला गाठणे कठीण. म्हणून त्याच्या घराचे दार पाण्याखाली असते. हिवाळ्यात तळे वरून गोठते, तेव्हा बर्फाखालून पोहत जाऊन तळाशी साठवलेल्या फांद्या आणायच्या असतात. त्यासाठी साधारण मीटरभर खोल पाणी लागते. ओढ्यात ते नसते. मग तो ओढा अडवतो.

गळती कुठे आहे हे तो मुख्यतः कानाने ओळखतो. स्वीडनचे प्राणिशास्त्रज्ञ लार्स विल्सन यांनी 1960 च्या दशकात पाळलेल्या बीव्हरांना ध्वनिवर्धकातून वाहत्या पाण्याचा आवाज ऐकवला, तर ते आवाजाच्या जागी काड्या-चिखल रचू लागले. ज्यांनी जन्मात बांध पाहिला नव्हता, त्यांनाही बांध घालता येत होता. आवाजाच्या जोडीला पाण्याची ओढही त्यांना जाणवते. रस्त्याखालच्या मोऱ्या सतत का तुंबतात, याचे उत्तर इथेच आहे. रस्त्याचा भराव हा बीव्हरच्या लेखी जवळजवळ पुरा झालेला बांध. त्यात एकच भोक राहिले आहे आणि ते खळखळते आहे! आपण बांध फोडतो तेव्हा त्याला असाच खळखळाट ऐकवतो. रात्री सगळे कुटुंब कामाला लागते.

मग बीव्हरच नाहीसा करावा? शतकानुशतके हेच झाले. युरोपातल्या टोप्यांसाठी त्याची लव हवी होती, आणि त्या व्यापारापायी 1900 च्या सुमारास उत्तर अमेरिकेत तो नामशेष व्हायच्या बेतात आला. मॅसॅच्युसेट्समधून तर अठराव्या शतकातच गेला होता. तिथे तो पुन्हा दिसला 1928 मध्ये. तोवर ओढ्याकाठच्या सखल जमिनीवर रस्ते, घरे, विहिरी झाल्या होत्या. 1996 मध्ये त्या राज्याने मतदान घेऊन पाय पकडणाऱ्या आणि शरीर चिरडणाऱ्या सापळ्यांवर बंदी आणली. बीव्हर वाढले, तक्रारी वाढल्या. 2000 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, पिण्याचे पाणी किंवा रस्ता धोक्यात असेल तर स्थानिक आरोग्य मंडळाने तातडीचा परवाना द्यावा, असे ठरले.

सापळ्याची खरी अडचण वेगळीच आहे. बीव्हरची पिल्ले साधारण दोन वर्षांची झाली की घर सोडून नवी जागा शोधत निघतात. तुम्ही रिकामे केलेले तळे, तयार बांध, काठची झाडे यांहून चांगली जागा त्यांना कोणती मिळणार? परिसरात बीव्हर आहेत तोवर सापळे वारंवार लावत राहावे लागते. दूर नेऊन सोडण्याचाही मार्ग आहे. 1948 मध्ये आयडाहो राज्याने वस्तीला त्रास देणारे 76 बीव्हर खोक्यांत घालून, महायुद्धातून उरलेल्या पॅराशूटने दुर्गम डोंगराळ भागात उतरवले. एक दगावला, बाकीचे सुखरूप पोहोचले. पण प्रत्येक राज्यात अशी मोकळी रानेही नाहीत आणि परवानगीही नाही.

मला बीव्हरला फसवण्याचा उपाय सर्वांत पटतो. मेन राज्यात पेनॉबस्कॉट या मूळनिवासी समाजाच्या जमिनीवर स्किप लाइल यांनी 1990 च्या दशकात मोरीपुढे मजबूत जाळीचे रुंद कुंपण घालण्याची युक्ती विकसित केली. कुंपण मोरीपासून दूर जाताना फाकत जाते. बीव्हर त्याला बुजवू लागला, तर मोरीपासून लांब लांब जाऊन कित्येक मीटर काम करावे लागते. पाणी रुंद जाळीतून हळू शिरत असल्याने त्याला गळतीचा सुगावाही नीट लागत नाही.

ओढ्यावरच्या स्वतंत्र बांधासाठी पाइप वापरतात. सुमारे तीस सेंटिमीटर व्यासाचा, दहा-बारा मीटर लांबीचा प्लास्टिकचा पाइप बांधातून आरपार घालायचा. त्याचे आतले तोंड बांधापासून दूर, खोल पाण्यात, मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायचे. बांधातून जाताना पाइप ज्या उंचीवर असतो, त्यावर तळ्याची पातळी ठरते. टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपचेच तत्त्व. पाणी आत जाते ते पाण्याखालून, निःशब्द. बीव्हर बांधाची डागडुजी करत राहतो, पण पाणी वर चढत नाही. पिंजऱ्याची भोके सुमारे पंधरा सेंटिमीटरची, म्हणजे लहान मासे-कासवे सुटतात, मोठा बीव्हर बाहेर राहतो.

विकणारे सांगतात तितके हे सोपे नाही. जाळीत पाला अडकतो, तो काढावा लागतो. मोठ्या पुरात एवढा पाइप अपुरा पडतो. आणि पातळी हवी तेवढी खाली नेता येत नाही: तळे फारच उथळ केले, तर बीव्हर ओढ्यावर खाली किंवा वर नवा बांध घालतो आणि कटकट शेजाऱ्याच्या दारी जाते. घर अगदी पाण्याच्या पातळीलाच बांधलेले असेल, तिथे पाइप उपयोगाचा नाही. तिथे सापळाच लावावा लागतो, आणि तसे म्हणायला संकोच कशाला?

उरलेल्या ठिकाणी पाइप विकत घेण्याआधी पातळी ठरवावी लागते. कोणाची विहीर किती खोल, शोषखड्डा कुठे, झाडांची मुळे किती दिवस पाण्यात तगतील, हे मोजून घ्यायचे. एकाच तळ्याला दोन मालकांच्या हद्दी लागत असतील, तर एकाला बदकांसाठी पाणी हवे असते आणि दुसऱ्याला बटाट्याचा वाफा कोरडा. दोघांची सही झाल्यावरच बांधाला हात लावावा. मॅसॅच्युसेट्समध्ये तर त्याआधी पाणथळ जमिनींच्या कायद्याखाली गावच्या संवर्धन आयोगाची मंजुरीही लागते.