कोमल रिषभाचा काळोख

ब्लॅक मेटल पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यात संगीत सापडत नाही, नुसती भिंत लागते. गिटारचा अखंड खरखराट, ढोलांचा मारा आणि त्यावर कुणीतरी घसा खरवडतंय. मला या भिंतीच्या विटा मोजायची खोड आहे, आणि त्याला पेडगावच्या शिवारासारखी निवांत जागा नाही. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेच्या कडेचं आमचं हे गाव. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे शेतीची लाईट येईल तेव्हा, बहुतेकदा रात्रीच. मोटार सुरू करून आखाड्यावर बसलं की तासन् तास दुसरं काही काम नसतं. शेजारच्या वावरातले काका पाणी द्यायला आलेले असतात. गावच्या भजनी मंडळात ते पखवाज वाजवतात. इअरफोनची एक वायर त्यांच्या कानात, एक माझ्या.

एका रात्री ऐकत होतो मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा 2017 चा अल्बम, ‘दशावतार’. साहिल मखिजा या गायक-गिटारवादकाने 2000 साली हा बँड सुरू केला. निखळ ब्लॅक मेटल त्यांनी क्वचितच वाजवलं असेल. ब्लॅक मेटलचा वेग, डेथ मेटलचं वजन आणि कीबोर्डचा भव्य वाद्यवृंद अशी त्यांची मिसळण. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (2005) आणि ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (2010) ही नावंच सांगतात की काळोख कुठून उसना आणला होता. 2010 मध्ये इंग्लंडच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा पुरस्कार त्यांना मिळाला, त्याच वर्षी नॉर्वेच्या इन्फर्नो महोत्सवात ते वाजवून आले. म्हणजे उसनवारी चोख होती. 2014 चा अल्बम ‘द डीमन किंग’. आणि राक्षसांच्या राजानंतर थेट विष्णूचे दहा अवतार, दहा गाणी. (हाच मखिजा यूट्यूबवर ‘हेडबँगर्स किचन’ नावाने स्वयंपाक शिकवतो, आणि तिथे आवाज अगदी मवाळ असतो.)

काकांचं लक्ष आधी ढोलांकडे गेलं. ब्लास्ट बीट म्हणतात त्या प्रकारात पायाचा ढोल, हाताखालचा स्नेअर आणि झांज यांचा सलग भडिमार चालतो. मिनिटाला दोनशेची लय धरली आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले तर सेकंदाला तेराच्या वर घाव बसतात. एवढ्या वेगाने नुसतं मनगट चालत नाही, काठीची उसळी वापरावी लागते. पायांनाही दोन पेडल लागतात. काका म्हणाले, “हे माणूस समेवर येतंय का न्हाई?” येतं, पण दडून येतं. घाव सारखेच वाटतात, सम ओळखायची ती गिटारचा सूर बदलतो तिथे. दोन-तीन आवर्तनांत त्यांनी ती पकडली आणि गुडघ्यावर टाळी दिली. नंतर मात्र एका ठिकाणी मात्रा वाढल्यासारख्या झाल्या, तेव्हा ते चिडले. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात ते बरंचसं हेच: चाल मध्येच मोडते, मात्रांचा हिशेब बदलतो, गाणं ध्रुवपदाकडे हमखास परत येईलच असं नाही.

गिटारचा खरखराट म्हणजे विद्युत आवाजाला त्याच्या पट्टीबाहेर ढकलणं. लहरीचा माथा कापला जातो आणि मूळ सुरात नसलेले स्वर त्यातून फुटतात. तीन-चार स्वर एकत्र छेडले तर सगळा चिखल होतो, म्हणून मेटलवाले पुष्कळदा दोनच धरतात, षड्ज आणि पंचम. तंबोऱ्याची जोडी! ब्लॅक मेटलमध्ये शिवाय एकच तार खाली-वर इतक्या झपाट्याने छेडतात की तुटक आघातांचा सलग सूर होतो. हीच गिटार बहुधा दोनदा ध्वनिमुद्रित करून एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला देतात. आम्ही एकेक कान वाटून घेतल्यामुळे कधी काकांना वेगळंच ऐकू यायचं आणि मला वेगळंच, त्यावरून वाद.

पण मला खरा सापडला तो सुरांचा खेळ. मेटलवाल्यांना अंधार दाखवायचा असला की ते कोमल रिषभाकडे जातात. पाश्चात्त्य कानाला हा स्वर षड्जाला इतका चिकटून आला की धास्ती वाटते. त्यांची फ्रिजियन नावाची स्वरपंक्ती आपल्या भैरवीच्या स्वरांचीच. आता भैरवीवर मैफली आणि भजनं संपवणाऱ्या माणसाला त्या स्वरांची भीती कशी वाटावी? काकांना वाटली नाही. “ह्ये तर आपलंच हाय,” म्हणून ते मोकळे झाले. माझ्या मते ‘दशावतार’मध्ये या बँडला वळण मिळालं ते इथे. भारतीय वाद्यांचे सूर या अल्बमात आहेत, पण ते काही ठिकाणी मला पाहुण्यासारखे वाटले. गिटारच जेव्हा आपल्या वळणाने चालते, तेव्हा मात्र कोमल स्वरांतला उसना काळोख निघून जातो आणि रौद्र उरतो. नॉर्वेचा एन्स्लेव्हड हा बँड 1991 पासून आपल्याच पुराणकथा सांगतोय. त्यांचा आवाज अल्बमागून अल्बम पसरट, विचारी होत गेला, कथांची जमीन तीच राहिली. मुंबईकरांना जमीन सापडायला पंधरा-सतरा वर्षं लागली.

गायनात मखिजा दोन आवाज वापरतो. एक सरळ सुरातला. दुसरा घोगरा, तो ओरडून काढला तर घसा आठवड्यात बसेल. खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्यांना कंप देऊन, पोटातून दाब देत काढतात. परभणी जिल्ह्याला तापलेला गळा नवा नाही. राजारामबापू कदमांसारखे गोंधळी इथलेच. संबळाच्या कल्लोळात रात्रभर आख्यान लावायचं तर मऊ गळा पुरत नाही. फरक एवढाच की गोंधळात शब्द कळलाच पाहिजे, या घोगऱ्या आवाजात इंग्रजी गीतातला एकही कळत नाही. इंग्रजांनाही कळत नाही, ते पुस्तिका उघडून वाचतात.

काकांना पुस्तिका लागली नाही. मत्स्य, कूर्म, वराह असं ते बोटांवर मोजत गेले. चौथ्याला त्यांनी मान पुढे केली, खांब कुठे फुटतो ते ऐकायला. त्या गाण्यात मी इतक्या वेळा विटा मोजल्या होत्या, पण असा कान लावला नव्हता. वामन त्यांना फार मोठा वाटला. “बटू हाय ना तो?” परशुराम पसंत. रामाला एवढा धुडगूस कशाला, अशी तक्रार.

नववं गाणं बुद्धाचं. काका अडले. आपल्याकडे जुन्या पंचांगांतल्या दशावताराच्या चित्रात नवव्या जागी पुष्कळदा विठोबाच उभा असतो, कटीवर हात ठेवून. “पांडुरंग कुठाय?” मी म्हटलं, मुंबईच्या पोरांनी बुद्ध घेतला. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाले, ठीक हाय, पण पांडुरंग घेतला असता तर ह्यो ढोल जमला नसता, तिथं पखवाजच लागतो, आणि तो कसा वाजवायचा ते त्यास्नी माझ्याकडं यावं लागलं असतं. कल्कीला त्यांची काहीच हरकत नव्हती. तो अजून यायचाच आहे, कसाही वाजवा.