दाराच्या चौकटीखाली फरशी सरकवणारे यंत्र

जालना जिल्ह्यातल्या घरांची जमीन गेल्या दोन पिढ्यांत बरीच वर आली. आधी शेणाचे सारवण होते, त्यावर शहाबादी बसली, कुठे कोटा, कुठे मोझॅक, आणि आता सगळीकडे चकचकीत टाइल्स. जुनी फरशी उखडायचा खर्च नको म्हणून तिच्यावरच नवी टाइल बसवायची, ही आपल्याकडची सरसकट पद्धत. मालासह धरले तर जमीन इंच-दीड इंच सहज वर येते. मग दार घासू लागते, आणि लाकडी चौकटीच्या पायाशी टाइल कशी बसवायची हा पेच पडतो.

मिस्त्री काय करतात? ग्राइंडरने टाइलचाच कोपरा चौकटीच्या आकाराचा कापतात. तो नेमका कधीच बसत नाही. उरलेल्या फटीत पांढरे सिमेंट भरतात. वर्ष-दोन वर्षांत ते निघते, फटीत पाणी मुरते, मुंग्या होतात, आणि चौकटीचे लाकूड खालून कुजते. घरकुलाचे पैसे हप्त्या-हप्त्याने येतात. त्यात पदरचे घालून घातलेली फरशी अशी बिघडली की घरातल्या बाईला रोज पुसताना ती जागा दिसत राहते.

योग्य पद्धत उलटी आहे. टाइल नव्हे, चौकटीचा पाय तेवढा कापायचा आणि टाइल त्याखाली सरकवायची. साध्या हाताच्या करवतीने हे अवघड जाते, कारण करवत जमिनीलगत आडवी नीट चालत नाही. ग्राइंडरची चकती गोल असल्याने कोपऱ्यात पोचत नाही. यासाठी जे यंत्र आहे त्याला बाजारात ऑसिलेटिंग मल्टिटूल किंवा नुसते मल्टिटूल म्हणतात.

या यंत्राचे पाते गोल फिरत नाही. ते जागच्या जागी डावी-उजवीकडे अगदी थोडे, एकूण तीन अंशांच्या आसपास हलते. पण मिनिटाला दहा ते वीस हजार वेळा. कठीण वस्तू या हालचालीने कापली जाते, मऊ वस्तू मात्र पात्याबरोबर हलते व वाचते. याच गुणामुळे मोडलेल्या हाताचे प्लास्टर कापायला अशी करवत वापरतात. जर्मनीतील फाइन कंपनीने १९६७ मध्ये तशी करवत काढली आणि पुढे तेच तत्त्व सुतारकामात आणले. तिच्या पेटंटची मुदत २००८ च्या सुमारास संपली, मग इतर कंपन्याही उतरल्या आणि किमती खाली आल्या. अर्थात कातडी कापत नाही म्हणून बेफिकीर राहू नये. लाकडाचे दातेरी पाते बोटाला चांगली जखम करते.

चौकट कापायची रीत सोपी आहे. नव्या टाइलचा एक तुकडा आणि खाली येणाऱ्या मालाच्या जाडीची फळी चौकटीला टेकवून ठेवा. त्यावर पाते आडवे टेकवून चालवा. जितकी उंची हवी तितकीच कापली जाते. मात्र आपल्याकडे बऱ्याच घरकुलांना लोखंडी अँगलची चौकट असते. तिथे हे यंत्र कामाचे नाही. जालन्यात सळया तयार होतात म्हणून काही आपले लोखंड मऊ होत नाही! तिथे ग्राइंडरच लागतो. न्हाणीच्या कडप्प्याच्या चौकटीचेही तेच.

दुसरे मोठे काम म्हणजे एकच फुटकी किंवा पोकळ वाजणारी टाइल बदलणे. नुसत्या छन्नी-हातोडीने ती काढायला गेले तर शेजारच्या चारही टाइलांना धक्का बसतो. मल्टिटूलला कार्बाइडचे पाते लावून आधी चारही बाजूंचे सांधे मोकळे करायचे, मग टाइल मधून फोडून कडेकडे काढत यायचे. खालचा चिकट माल खरवडायलाही वेगळे पाते मिळते. पीव्हीसी पाइप भिंतीलगत कापणे, लाकडी बोर्डात चौकोनी भोक पाडणे, कोपरे घासणे ही कामे त्यातच होतात.

विकत घेताना वॅट पाहावेत. घरच्यापुरते तीनशेच्या आसपास पुरे. वेग कमी-जास्त करता आला पाहिजे. हालचालीचे अंश काही कंपन्या एका बाजूचे लिहितात, काही दोन्ही बाजूंचे मिळून. तुलना करताना हे विचारावे. बॅटरीवरचे यंत्र भारनियमनाच्या गावात सोयीचे वाटते, पण खोक्यावरच्या किमतीत बॅटरी आणि चार्जर आहे की नाही ते आधी पाहा. आमच्या मते रोज काम नसेल तर वायरचेच घ्यावे.

खरा खर्च पात्यांचा. लाकडाचे साधे पाते एका खिळ्याने बोथट होते, म्हणून जुन्या चौकटीला बायमेटलचे घ्यावे. सांध्याला कार्बाइडचेच. पाते बसवण्याची खाच प्रत्येक कंपनीची सारखी नसते. २०१६ मध्ये आलेल्या स्टारलॉक पद्धतीच्या यंत्रावर जुनी उघड्या खाचेची पाती बसत नाहीत. तेव्हा यंत्राआधी दुकानात पाती मागून पाहा. पाती जालन्यात मिळत नसतील तर ते यंत्र स्वस्त असूनही महाग.

आणि धूळ.  ग्रॅनाइट, टाइल आणि वाळू-सिमेंटच्या मालात सिलिका भरपूर. ती फुप्फुसात साठून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. ग्राइंडरपेक्षा या यंत्राची धूळ कमी उडते, हा त्याचा मोठा फायदा. तरी एन-९५ मास्क, चष्मा हवाच. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. छपराचे सिमेंटचे पत्रे या यंत्राने कापूच नयेत, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. भिंतीत पाते घालण्याआधी मेन स्विच बंद करून यंत्राला वीज दुसरीकडून घ्यावी किंवा बॅटरीचे वापरावे.

एका घराला हे यंत्र वर्षातून चार दिवस लागेल. म्हणून पाच-सहा घरांनी मिळून, किंवा बचत गटाने एक घेतले तर परवडते. फरशी-सुतारकाम करणाऱ्या तरुणांची गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार आणि गवंडी ही दोन्ही कामे आहेत व अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतची तरतूद आहे. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्यांनी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडेही नोंदणी करावी. नव्वद दिवसांचा दाखला ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून किंवा ठेकेदाराकडून घ्यावा लागतो, तो काम चालू असतानाच मागून ठेवावा. काम संपल्यावर ठेकेदार सापडत नाही.