इंग्रजी लेखनातील संयोगचिन्ह : अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार

आदिलाबाद शहरालगतच्या मावला परिसरात विद्यार्थ्याच्या कानावर मराठी, उर्दू, तेलुगू आणि गोंडी या भाषा पडतात. इंग्रजी लिहिताना आधीच्या लिपीची सवय त्याच्या हातात असते. उर्दूत पूर्णविराम म्हणजे ओळीच्या तळाशी काढलेली लहान आडवी रेघ. इंग्रजीत तशीच रेघ दोन शब्दांच्या मधोमध आली की ते संयोगचिन्ह होते. एक वाक्य संपविते, दुसरे शब्द जोडते. हा भेद प्रथम फळ्यावर दाखवावा.

जोडणीची कल्पना विद्यार्थ्यांना नवी नाही. उर्दूतील जेरची इजाफत देवनागरीत 'जश्न-ए-आझादी' अशी लिहिली जाते. मराठीत मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या धर्तीवर विरामचिन्हांचे नियम मांडले. त्यामुळे 'आई-वडील'सारख्या शब्दांवरूनही हा विषय समजावता येतो.

हे चिन्ह गळाल्यास अर्थ बदलतो. कंत्राटी शिक्षकाला करारावर पुन्हा सही करावयाची असेल, तर 'री-साइन' हा शब्द संयोगचिन्हासह लिहावा लागतो. चिन्ह गळाले की त्याच अक्षरांचा 'रिझाइन' होतो आणि मुदतवाढीचा अर्ज राजीनामा ठरतो. 'थर्टी-ऑड टीचर्स' म्हणजे तीसहून थोडे अधिक शिक्षक; चिन्हाविना तेच तीस विचित्र शिक्षक होतात.

अध्यापनासाठी पुढील नियम पुरेसे आहेत :

१. नामापूर्वी दोन शब्द मिळून एक विशेषण होत असेल तर चिन्ह द्यावे : 'टू-यिअर कोर्स'. येथे 'यिअर' एकवचनीच राहते. 'द कोर्स लास्ट्स टू यिअर्स' या वाक्यात चिन्ह नको.

२. एकवीस ते नव्व्याण्णवमधील जोडसंख्या अक्षरी लिहिताना चिन्ह द्यावे : 'ट्वेन्टी-वन'.

३. 'हायली'सारख्या 'ली'कारान्त क्रियाविशेषणानंतर चिन्ह देऊ नये : 'हायली क्वालिफाइड टीचर'.

४. अपसारणचिन्हाची रेघ लांब असते. ती वाक्यातील विचार वेगळा काढते, शब्द जोडीत नाही.

जोडशब्दांचे लेखन काळानुसार बदलते. शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश कोशाच्या २००७ च्या सहाव्या आवृत्तीत सुमारे १६,००० शब्दांतील संयोगचिन्हे काढण्यात आली. म्हणून शंका आल्यास अलीकडचा कोश पाहण्याची सवय लावावी.

सरावासाठी विद्यार्थ्यांकडून नोकरीचा अर्ज लिहून घ्यावा. तो त्यांनी परस्परांत बदलून तपासावा आणि प्रत्येक चिन्ह का दिले, हे मातृभाषेत सांगावे. नियम समजला की पाठ केला, ते तेथेच कळते.