रंग नारिंगी, नाव काळी पेटी!

बालमित्रांनो, विमानाला अपघात झाला की मोठी माणसं विचारतात, "काळी पेटी सापडली का?" गंमत म्हणजे ही पेटी काळी नसतेच बरं का! ढिगाऱ्यात चटकन दिसावी म्हणून तिला भडक नारिंगी रंग देतात.

तिची कल्पना मांडली ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड वॉरन यांनी. १९३४ मध्ये डेव्हिड नऊ वर्षांचा होता. त्याचे वडील ज्या विमानात बसले, ते समुद्रावर नाहीसे झाले. ते सापडलेच नाही. वडिलांनी दिलेली शेवटची भेट होती एक क्रिस्टल रेडिओ. त्यातूनच डेव्हिडला असल्या यंत्रांचा नाद लागला.

पुढे ते मेलबर्नच्या सरकारी विमान-संशोधन प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाले. त्या सुमारास 'कॉमेट' ही नवी जेट विमानं हवेतच मोडून पडू लागली. २ मे १९५३ रोजी एक तर आपल्या कलकत्त्याजवळच कोसळलं. ४३ जण गेले. काय घडलं ते सांगायला कुणी उरलंच नाही!

वॉरन यांना प्रदर्शनात पाहिलेला छोटासा रेकॉर्डर आठवला. वैमानिकांचं बोलणं टिपणारं असं यंत्र विमानातच ठेवलं तर? वरिष्ठांना ते पटेना. वैमानिक म्हणाले, ही तर आमच्यावर हेरगिरी! पण वॉरन हटले नाहीत. पोलादी तारेवर चार तासांचं बोलणं साठवणारं यंत्र त्यांनी बनवलं. १९५८ मध्ये इंग्लंडहून आलेल्या एका अधिकाऱ्याने त्याचं मोल ओळखलं. १९६० मध्ये क्वीन्सलँडमध्ये विमान पडून २९ जण दगावले, तेव्हा कुठे ऑस्ट्रेलियात अशी यंत्रं सक्तीची करायचं ठरलं.

आता विमानात दोन यंत्रं असतात. एक आवाज टिपतं, दुसरं उंची, वेग, दिशा वगैरे नोंदवतं. ती बहुधा शेपटीकडे बसवतात, कारण तो भाग सहसा कमी चिरडतो. पाण्यात पडली तर टिकटिक असा संदेश पाठवत राहतात. १९८५ मध्ये आपलं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रात पडलं. ३२९ जण गेले. सुमारे दोन किलोमीटर खोलवरून ही यंत्रं वर काढली आणि त्यांतल्या नोंदी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तपासल्या.

ही पेटी त्या विमानातल्या कुणाला वाचवत नाही. पण दोष कळला की तो पुढच्या विमानांत दुरुस्त करता येतो. आज तुमचे काका-मामा विमानाने सुखरूप घरी येतात, त्यात वडिलांना मुकलेल्या त्या मुलाच्या जिद्दीचाही वाटा आहे.

आता आई-बाबांना विचारा बरं, काळ्या पेटीचा रंग कोणता?